मागच्या रांगेतली मुलगी

ता. ३ फेब्रुवारी

ती. ताईस,

सा. न. वि. वि.

तू म्हणालीस तसं पत्रच लिहिते आहे. फोनवर आपण दोघी एकाच वेळी बोलतो, मग एकाच वेळी रुसतो, आणि शेवटी तुझी लेक माझ्या हातातून फोन काढून घेते. दिवसभर मी दवाखान्यात लोकांचे कान तपासते, पण तुझा फोन झाला की आधी स्वतःचे तपासून घ्यावेसे वाटतात. कागदावर निदान एकीचं संपल्यावर दुसरीचं सुरू होतं.

तर शनिवारी आमची कॉन्सर्ट झाली. तिकिटांसाठी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून चार तास रांगेत उभी होते, हे तुला कळावं म्हणून लिहीत नाही, पण उभी होते. तुझी मुंगी, तिच्या वर्गातल्या दोघी आणि मी. मुंगी माझ्या शेजारीच होती, माझा हात धरून. तू शिवून पाठवलेलं जॅकेट घातलं होतं. छान दिसत होती.

गाण्याबद्दल मला विचारू नकोस. इतक्या मोठ्या आवाजात कान उघडे ठेवून बसणं माझ्या धंद्याला शोभत नाही, म्हणून मी फोमचे बोळे कानात घालून गेले होते. मुंगीला आणि तिच्या मैत्रिणींनाही घ्यायला लावले, त्यांनी ते खिशात घातले. आणि गंमत अशी, की बोळे घातल्यावर गाण्याचा दणदणाट खाली बसतो आणि आजूबाजूचं बोलणं उलट स्वच्छ ऐकू येतं. त्यामुळे मी तो गायक फार कमी ऐकला आणि त्याच्या भक्तिणी पोटभर ऐकल्या.

पुढच्या रांगेतल्या एकीने आधीच ठरवून ठेवलं होतं की तिसऱ्या गाण्याला रडायचं. त्यासाठी न पसरणारं काजळही घातलं होतं. पण ते गाणं त्याने आधीच, दुसऱ्या नंबरावर घेतलं आणि त्या वेळी हिच्या तोंडात मक्याच्या लाह्या होत्या. गाणं संपल्यावर ती मैत्रिणीला फार गंभीरपणे विचारत होती, की चौथ्या गाण्याला रडलं तर चालेल का, की ते खोटं धरतात. मैत्रिणीने विचार करून परवानगी दिली.

तिच्या पलीकडची म्हणत होती की ती इतरांसारखी वेडी नाही. तिला फक्त त्याच्या बुटांचा नंबर माहीत आहे, तोही माहिती म्हणून. त्याचं लग्न झालं तर ती लग्नाला जाणार नाही. मैत्रीण म्हणाली, पण तुला बोलावणार कोण? त्यावर ही म्हणाली, तो अपमान वेगळा, त्याचा हिशेब वेगळा. मध्येच तो शिंकला. खरंच शिंकला गं, गाता गाता. एकीने ती शिंक फोनमध्ये टिपली आणि गाणं संपायच्या आत दोन फोटोंच्या बदल्यात ती दुसरीला देऊन टाकली.

एका बापाला लेकींनी तीन रांगा मागे बसवलं होतं. ओळख दाखवायची नाही, पण पाण्याची बाटली दिसेल अशी धरायची, असा हुकूम होता. बिचारा अडीच तास बाटली उंच धरून अनोळखी माणसाचा चेहरा करून बसला होता.

आमच्या मागच्या रांगेत एक वसतिगृहात राहणारी होती. तिचं आईपुराण ऐकून तर मला हसू आवरेना. तिची आई म्हणे रोज ठरल्या वेळी फोन करते, जेवलीस का विचारते, आणि उत्तर यायच्या आत शेजारणीच्या दुखण्यांवर जाते. पोरगी म्हणाली, आईचं प्रेम म्हणजे बँकेचा मेसेज आहे, रोज न चुकता येतो, पण त्याला उत्तर पाठवायची सोय नसते. हे सांगताना तिची जीभ इतकी सफाईने चालत होती की पाठ केलंय असं वाटावं.

असो. आता कामाचं. मुंगीच्या शाळेचा फॉर्म तुझ्याकडे पाठवून महिना झाला. वर्षभरासाठी म्हणून तू तिला माझ्याकडे ठेवलंस, ते वर्ष आता संपेल. पुढची दोन वर्षं तिने इथंच, माझ्याकडे राहून शिकायचं असेल तर २८ तारखेच्या आत तुझी सही हवी. नाहीतर शाळा तिची जागा दुसरीला देईल. भावजींना विचार, पण लवकर विचार.

बाकी ठीक. तुझ्या मायेचं माप माझ्या वाट्याला जरा सैलच बेतावंस.

तुझी,
धाकटी


ता. ९ फेब्रुवारी

चि. धाकटीस,

अ. उ. आ. आशीर्वाद खरोखर उत्तम आहेत, राग त्यांच्या खाली आहे.

तुझं पत्र यांनी मोठ्याने वाचलं आणि बाटलीवाल्या बापापाशी येऊन इतके हसले की चहा सांडला. मीही हसले. मग मी ते पत्र शिवणमशीनवर ठेवून परत वाचलं आणि मला हसू येईना.

तू लिहितेस, माझ्या शेजारीच होती, माझा हात धरून. बरं. माझा हात तिने शेवटचा धरला तो रस्ता ओलांडताना, पाचवीत असताना. त्यानंतर मी धरायला गेले की म्हणायची, आई, लोक बघतात. तिथे हजारो लोक असतील, तिथे कुणी बघत नव्हतं वाटतं.

आता मनातलं सांगतेच, नाहीतर पोटात राहून आंबेल. कॉन्सर्टनंतर तिने केस कापले ते मला फोटोत कळलं. सुट्टीत आली तेव्हा टॉवेलची घडी तुझ्यासारखी तीनपदरी घालत होती. माझी चारपदरी घडी तिने मोडून तीनपदरी केली, माझ्याच कपाटात. फोनवर मला म्हणाली, खरं सांगायचं तर तसं नाहीये. हे खरं सांगायचं तर कुणाचं आहे, मला ठाऊक नाही होय? माय मरो आणि मावशी जगो, असं आपली आई थट्टेने म्हणायची. तेव्हा मीही हसायचे, कारण तेव्हा मी कुणाची माय नव्हते.

ते जॅकेट मी कसं शिवलं ते तुला सांगते. त्या गायकाच्या अंगावरचं जॅकेट मी व्हिडिओ थांबवून थांबवून कागदावर उतरवलं. यांनी दहा वेळा थांबवलं, अकराव्या वेळी चिडून उठून गेले. मग मापाचा प्रश्न आला. सुट्टीनंतर पोर वाढली असणार. तुला फोन करून खांदा नि बाही विचारायची होती, मी फोन हातातही घेतला. पण आपल्या पोरीचं माप बहिणीला विचारायचं, हे काही मला जमेना. शेवटी फोटोतल्या तुझ्या दारापुढे ती उभी आहे त्यावरून अंदाज बांधला आणि कापड कापलं. तीस वर्षं लोकांचे कपडे बेतते आहे, पण कात्री लावताना हात असा कधी अडला नव्हता. आणि त्या सगळ्यावर तुझ्या पत्रात दोन वाक्यं. घातलं होतं. छान दिसत होती.

आता मुख्य. ती मागच्या रांगेतली मुलगी. रोज ठरल्या वेळी फोन करणारी आई मी आहे. साडेआठला करते. जेवलीस का विचारते, कारण दुसरं काय विचारायचं ते मला सुचत नाही. तिचे विषय मला कळत नाहीत आणि माझे तिला नको असतात. समोरच्या काकूंच्या गुडघ्याचं सगळं ऑपरेशन मी तिला गेल्याच महिन्यात सांगितलं, टाक्यांसकट. बँकेच्या मेसेजचं ते वाक्य वाचलं आणि मला तिचाच आवाज ऐकू आला. लहानपणापासून तिची जीभ अशीच चालते.

तू ऐकलं म्हणालीस की ते ऐकलंच असतं, हे मी जन्मभर मानत आले आहे. म्हणून सरळ विचारते. ती मुलगी खरंच मागच्या रांगेत होती, की तुझ्या शेजारी बसली होती, तुझा हात धरून? मला बरं वाटावं म्हणून तू तिला मागे नेऊन बसवलंस का? एका ओळीत उत्तर दे.

फॉर्म मशीनच्या खणात आहे. सही केलेली नाही. ती इथं परत यावी असं मला वाटतं, आणि हे वाटणं काही गुन्हा नाही. उत्तर आलं की ठरवीन.

आशीर्वाद आहेतच, पण या खेपेला ते मोजून पाठवते आहे.

तुझी,
ताई


ता. १३ फेब्रुवारी

ती. ताईस,

सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. किती मनाला लावून घेतेस गं! पोरींच्या बोलण्याला काय अर्थ असतो? त्या वयात आपण दोघी आईबद्दल गच्चीवर बसून काय काय बोलायचो, आठव. आई मागे कपडे वाळत घालत असायची आणि तिने एका शब्दाने कधी विचारलं नाही. कोण कुठल्या रांगेत होतं याचा काथ्याकूट करून हाती काय लागणार? जाऊ दे.

जॅकेटबद्दल लिहायचं राहिलं, चुकलंच. अगदी अंगाबरोबर बसलं. बाही काय ती बोटभर लांब आहे, पण ती म्हणते तशीच फॅशन आहे.

दवाखान्यात सध्या गर्दी आहे. काल एक आजोबा आले, त्यांना बायकोचं बोलणं सोडून सगळं ऐकू येतं. तपासलं, तर कान ठणठणीत.

मुंगीचा अभ्यास जोरात आहे. सकाळी लवकर उठते, माझ्यासाठीही चहा टाकते. तुला सांगू, ती येण्याआधी माझ्या घरात आवाज म्हणजे फ्रिजचा. आता सकाळी कपबशा वाजतात. इथल्या शिक्षकांची तिला सवय झाली आहे, मैत्रिणी आहेत. मधेच शाळा बदलली तर तिचं नुकसान होईल, एवढंच मला वाटतं. तू शहाणी आहेस. २८ तारीख लक्षात असू दे.

माझ्यावरची माया मोजू नकोस, मला हिशेब येत नाही.

तुझी,
धाकटी


ता. १९ फेब्रुवारी

चि. धाकटीस,

अ. उ. आ.

एक ओळ मागितली होती, तू दोन पानं लिहिलीस आणि त्यात ती ओळ नाही. नाही असं तू लिहिलं नाहीस. मला उत्तर मिळालं.

गेले चार दिवस मी साडेआठला फोन केला नाही. पहिल्या दिवशी साडेआठ वाजता इस्त्री घेऊन बसले आणि एका गिऱ्हाइकाची विजार जाळली. तिसऱ्या दिवशी तिचाच फोन आला. मी वाजू दिला. हे म्हणाले, अगं उचल. मी म्हटलं, हात गुंतलेत. हात रिकामे होते.

मी तुझ्यावर जळते, धाकटे. लिहूनच टाकते. तू तिला सकाळी उठताना बघतेस म्हणून जळते, तिच्या मैत्रिणींची नावं तुला येतात म्हणून जळते. देवाने तुला मूल दिलं नाही याचं मला इतकी वर्षं वाईट वाटायचं, आणि आता वाटतं की तू न खपता, न कुंथता, आयती सोळा वर्षांची घेतलीस. असलं लिहिणारी बहीण बरी नव्हे हे मला कळतं. पण पत्रात खोटं लिहायचं तर फोनच काय वाईट होता.

फॉर्मवर सही केली आहे. सोबत आहे. जिथे तिचं मन मोकळं होतं तिथे तिने राहावं. मी तिला विचारायची ती प्रश्नावली, आणि ती द्यायची ती उत्तरं, दोन्ही माझ्याच तोंडात राहतात असं दिसतं. ठेव तिला. नीट ठेवशीलच.

जॅकेटची बाही आतून दुमडून घाल म्हणावं. कापू नका, पुढच्या वर्षी लागेल.

तुझी,
ताई


ता. २४ फेब्रुवारी

ती. ताईस,

सा. न. वि. वि. नमस्कार खरंच साष्टांग आहे, या वेळी त्याशिवाय भागणार नाही.

फॉर्म परत पाठवते आहे. शाळेत दिलेला नाही. गेले दोन दिवस तो माझ्या पर्समध्ये होता आणि शाळेच्या फाटकापर्यंत दोनदा जाऊन आला. पाकीट उघडून तुझी सही पाहिली तेव्हा आधी मला आनंद झाला, हे कबूल करते. नाचावंसं वाटलं. मग तुझं पत्र वाचलं.

मागच्या रांगेतली मुलगी मागच्याच रांगेत होती. दातांना तारा लावलेली, आपली कुणी लागत नाही. मुंगी असलं एक अक्षर बोलली नाही. तू विचारलंस तेव्हा एका शब्दाचं उत्तर होतं, नाही. मी तो शब्द लिहिला नाही, कारण तुझा गैरसमज माझ्या कामाचा होता. तू रागावलीस तर सही करशील, असं मला वाटलं. म्हणजे मी खोटं बोलले नाही, फक्त गप्प बसले, आणि माझ्यासारख्या बाईला कळायला हवं की गप्प बसणंही ऐकू जातं.

आणि हात धरून बसली होती हे अर्धंच खरं आहे. दिवे गेले तेव्हा दचकून धरला, पाच मिनिटं. नंतर मैत्रिणींमध्ये जाऊन बसली. माझ्या शेजारी कार्यक्रमभर एक परका माणूस होता.

आता जे लिहायचं टाळलं ते लिहिते. हे बोळ्यांमधून ऐकलेलं नाही, उघड्या कानांनी ऐकलेलं आहे. आत सोडण्याआधी तासभर बाहेर रांग होती. तिने मला हळूच सांगितलं, मावशी, तू जरा मागे उभी राहा ना. मी चार माणसं सोडून उभी राहिले. त्या तिघींचा खेळ चालला होता, की एक तिकीट जास्तीचं असतं तर कुणाला आणलं असतं. एकीने कुत्र्याचं नाव घेतलं. दुसरीने भावाचं, सामान धरायला. आपली म्हणाली, आईला. मैत्रीण म्हणाली, का, मावशी आहे ना? तर म्हणाली, मावशी तर आहेच, आई हवी होती.

ताई, चार तास रांगेत उभी राहून मी नुसती ‘आहेच’ झाले. तुला कसं वाटेल?

पुढे ऐक. तिथेच रांगेत तिने ते जॅकेट काढून उलटं केलं आणि आजूबाजूच्या सात-आठ पोरींना अस्तर दाखवलं. सांगत होती, बाहेरून कुणीही नीट शिवतं, आतून असं माझी आईच शिवते. एक आगाऊ पोरगी म्हणाली, हे तर गायकाच्या जॅकेटपेक्षा चांगलं आहे. त्यावर मुंगी म्हणाली, असणारच, त्याला कुठे माझी आई आहे. सगळ्या खिदळल्या. मग म्हणाली, आई आली असती तर तिने गाणं ऐकलंच नसतं, त्याच्या शिवणीच बघत बसली असती, आणि तिच्या शेजारी बसून मलाही गाणं ऐकू आलं नसतं, पण तरी.

पण तरी म्हणाली आणि जॅकेट परत अंगात घातलं. मी हे सगळं शब्दाशब्दाने ऐकलं, आणि तुला लिहिलं काय, तर घातलं होतं, छान दिसत होती. त्या दोन वाक्यांवर तू बरोबर बोट ठेवलंस. मीही जळत होते गं. वाटलं, तुझ्याकडे सगळंच आहे, तर एक जॅकेटचं कौतुक माझ्याकडे राहिलं म्हणून काय बिघडलं?

ती मला आयती मिळाली असं तू लिहिलंस, त्याचा राग आला होता. आता नाही. मी याहून वाईट केलं आहे.

साडेआठला फोन कर. ती रोज फोन समोर ठेवून बसते आणि मला म्हणते की अभ्यास करते आहे. फॉर्म फाडायचा तर फाड, पण कान उघडे ठेवून फाड.

माया उरली असेल तर थोडी पाठव, नसेल तर मी समजून घेईन.

तुझी,
धाकटी


ता. २८ फेब्रुवारी

ती. आईस आणि ती. मावशीस,

सा. न. वि. वि.

एकच पत्र दोघींना लिहिते आहे, दोन प्रती काढून. कुणाला आधी मिळेल ते पोस्टमनच्या हातात आहे, माझ्यावर घेऊ नका.

आई, परवा तू फोनवर पहिल्यांदाच जेवलीस का विचारलं नाहीस. तू विचारलंस, तुला कुठे राहायचंय? मी गप्प बसले, त्याचा अर्थ तू काहीही लावशील म्हणून लिहिते. दोन महिने फॉर्म इकडून तिकडे फिरतो आहे, पण हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मावशीनेही नाही. म्हणून उत्तर तयार नव्हतं असं नाही, फक्त कुणी मागितलं नव्हतं.

मला शाळा हीच हवी. पण मला शाळेच्या वसतिगृहात राहायचं आहे. माझ्या दोघी मैत्रिणी पुढच्या वर्षी तिथेच आहेत. तिघींची खोली मिळते. मुख्य बाईंना विचारलं, त्यांनी दहा मार्चपर्यंत थांबायचं कबूल केलं आहे.

आता तुम्ही दोघी म्हणाल की दुसरीमुळे झालं. तसं नाही. दोघींमुळे झालं. मी आईचं नाव काढलं की मावशी भांडी जोरात ठेवते. मावशीचं नाव काढलं की फोनमध्ये आईची मशीन जोरात सुरू होते. म्हणून इथे बोलताना मी आधी आईचा विचार करते आणि तिथे बोलताना मावशीचा. टॉवेलची घडी कशी घालायची याचासुद्धा. त्या रांगेत उभी असताना वर्षात पहिल्यांदा मी कुणाला काय वाटेल हे न बघता बोलले. मावशीला मुद्दाम मागे उभं केलं होतं. तर परवा आईच्या फोनवरून कळलं, तेही ऐकलं गेलं, पत्रातून गावाला गेलं, आणि त्यावरून तुम्ही रडलात. मला मैत्रिणींशी मूर्खासारखं बोलायचं आहे आणि ते कुणी मनाला लावून घ्यायला नको आहे.

मी कुणावर रागावलेली नाही. आई, जॅकेट मी धुतलं नाहीये, त्याला अजून तुझ्या इस्त्रीचा वास आहे. मावशी, बोळे मला नंतर वापरावे लागले, पण ते तू बघू नयेस म्हणून केसांखाली घातले होते. आता केस कापलेत त्यामुळे कानात काही लपत नाही.

दोघींचा लोभ आहे हे मला पक्कं माहीत आहे, फक्त तो माझ्या अंगावरून एकमेकींना मारून फेकू नका.

तुमची,
मुंगी


ता. ५ मार्च

चि. धाकटीस,

अ. उ. आ. या वेळी मोजले नाहीत.

तुझ्या पत्रावर मी आठ दिवस रागावणार होते. तसं यांना सांगितलंही होतं. पण चौथ्या दिवशी पोरीचं पत्र आलं आणि तुझ्यावर रागवायला सवडच राहिली नाही.

मशीन जोरात चालवते हे मला खरंच माहीत नव्हतं. मी समजत होते मोटर जुनी झाली. यांना विचारलं तर म्हणाले, मोटर ठीक आहे, मेहुणीचं नाव निघालं की बिघडते. वर्षभर सगळ्या घराला माहीत होतं, मला सोडून. तुझ्या भांड्यांचं तुला माहीत होतं का?

तुला एक सांगते. तू लिहिलेलं ते अस्तराचं मी किती वेळा वाचलं ते विचारू नकोस. दुकानात आलेल्या तीन गिऱ्हाइकांना वाचून दाखवलं, आणि त्यातली एक केवळ बटण लावून घ्यायला आली होती. तू ते तीन आठवडे दाबून ठेवलंस म्हणून तुझा गळा धरावा असं वाटलं. आणि मग वाटलं, चार माणसं सोडून उभं राहून ते ऐकताना तुझं काय झालं असेल. मी असते तर मी ते तुला कधीच लिहिलं नसतं. तू उशिरा का होईना लिहिलंस. एवढा तुझ्यात नि माझ्यात फरक आहे, आणि तो मला सोसत नाही, पण आहे.

काल मी पोरीने पत्रासोबत पाठवलेला वसतिगृहाचा फॉर्म घेऊन बसले. आधी ठरवलं होतं, नाही म्हणायचं. सोळा वर्षांच्या पोरीला काय कळतं? मग साडेआठला फोन केला आणि काहीच विचारलं नाही. नुसतं हॅलो म्हणून गप्प बसले. मला वाटलं ती फोन ठेवेल. तर ती बोलायला लागली. तो गायक, ती खोली, कोण खिडकीशी झोपणार, कोण घोरतं, त्या मागच्या रांगेतल्या तारावालीची ओळख झाली आहे आणि तीही त्याच वसतिगृहात निघाली. चाळीस मिनिटं बोलली. मला अर्ध्याहून जास्त कळलं नाही. हसली की मी हसत होते. शेवटी तीच म्हणाली, आई, तू जेवलीस का?

फोन ठेवल्यावर मी फॉर्मवर सही केली.

आता तुझ्याशी भांडायला काही कारण उरलं नाही, याचं थोडं वाईटच वाटतं आहे. जळायचं तर आता त्या खोलीतल्या दोघींवर. त्या तिला सकाळी उठताना बघणार, त्यांना तिचं सगळं आधी कळणार, आणि त्यांना त्याची किंमतही असणार नाही. तुलाही तसंच वाटत असेल, तर ते मला लिही. दुसऱ्या कुणाला लिहिता येण्यासारखं नाही.

तुझ्या घरात परत फ्रिजचाच आवाज राहील, हे मला कळतं आहे. तिथून मी तिला काढून घेतली असती तर निदान मला काही मिळालं असतं. तसं झालं नाही, दोघींनाही काही मिळालं नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत तू इकडे ये. मशीन बंद ठेवीन.

फॉर्म सोबत आहे. त्यावर दोन रकाने आहेत, आईची सही आणि स्थानिक पालकाची सही. दोन्ही असल्याशिवाय ते पोरीला घेत नाहीत. वरच्यात मी केली आहे. खालच्यात तू कर, आणि स्वतः नेऊन दे. तुझा हात हलला तर माझ्या सहीकडे बघ, तीस वर्षं सरळ शिवण मारणाऱ्या बाईची आहे आणि एकही अक्षर ओळीत नाही.

लोभ आता आपण दोघींनी एकमेकींवरच करायचा आहे. पोर गेली.

तुझी,
ताई